एकाने दळावे, जगाने खावे

दिवाळीच्या आधी चार दिवस कोणत्याही पेठेतल्या पिठाच्या गिरणीपुढे जाऊन पाहावे. डब्यांची रांग लागलेली असते. कोणाची चकलीची भाजणी, कोणाचे लाडवांसाठी जाडसर बेसन, कोणाचे रोजचेच गहू. घरे पन्नास-पाऊणशे आणि दळणारा एक! घरोघरी जाते होते तेव्हा प्रत्येकीला पहाटे उठून आपापले दळण दळावे लागे. जात्यावरच्या ओव्या गोड होत्या हे खरे. परंतु दळणारणीचे खांदे भरून येत, हेही तितकेच खरे. गिरणी आली आणि ते कष्ट संपले. आता गिरणीवाल्याचे नाव काय, तो दगडाला टाकी कधी लावतो, त्याला ताप आला तर गिरणी कोण चालवील, याचा विचार आपण करीत नाही. डबा ठेवला की पीठ मिळते, एवढे आपल्याला पुरते.

संगणकाच्या जगातही अशाच गिरण्या आहेत, आणि त्यांतल्या दोन-तीन तर अशा की सारे जग त्यांचेच पीठ खाते. त्यांची, त्या उभारणाऱ्या माणसांची, आणि २०२४ साली त्यांतल्या एकीत विष कालवण्याचा जो प्रयत्न झाला त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, असा माझा हेतू आहे. मी मराठी शिकवते. यंत्रविद्या हा माझा प्रांत नव्हे. परंतु माझी भाची पुण्याला प्रोग्रॅम लिहिण्याची नोकरी करते, आणि तिच्याशी वर्षभर घातलेल्या वादांतून मला जे उमगले ते सांगण्यास हरकत नसावी.

लायब्ररी, पण पुस्तकांची नव्हे

'लायब्ररी' हा शब्द तिच्या तोंडून प्रथम ऐकला तेव्हा माझ्यापुढे अर्थातच कपाटे, वाळवी आणि वर्गणीची वही उभी राहिली. ती हसून म्हणाली, "आत्या, तुझी लायब्ररी वेगळी, आमची वेगळी. समज, एकच काम शंभर प्रोग्रॅमना लागते. ते शंभर जणांनी शंभरदा कशाला लिहायचे? एकाने ते नीट लिहून, तपासून ठेवायचे, आणि बाकीच्यांनी गरज पडेल तेव्हा त्याला नुसती हाक मारायची. अशा लिहून ठेवलेल्या कामांचा संच म्हणजे आमची लायब्ररी."

"म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या!" मी म्हटले.

"हो, पण पीठ चांगले असेल तरच रेघोट्या नीट उमटतात ना?"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

ज्या कामाविषयी मी लिहिते आहे ते आहे फायलींची गाठोडी बांधण्याचे आणि सोडण्याचे. पुण्याच्या पेशवे दप्तरात जुने मोडी कागद फडक्यात बांधून ठेवलेले असतात. त्या गाठोड्याला दप्तरी भाषेत 'रुमाल' म्हणतात. संगणकातही पुष्कळ फायली एकत्र बांधून एकच फाइल करतात, तो असाच एक रुमाल. माझ्या वर्गातली मुले चाळीस निबंध एकाच 'झिप' फाइलीत घालून पाठवतात, तेव्हा ती रुमालच बांधतात; फक्त गाठ त्यांना दिसत नाही.

या बांधणीत दोन निरनिराळी कामे असतात. एक, कागद एकत्र करणे. दुसरे, ते दाबून लहान करणे. १९७९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स या व्यवस्थेच्या सातव्या आवृत्तीबरोबर 'टार' नावाची पद्धत आली. ती पहिलेच काम करी. प्रत्येक फाइलीच्या आधी ५१२ बाइटांची एक चिठ्ठी, तीत फाइलीचे नाव, आकार वगैरे, मग फाइल, मग पुढची चिठ्ठी. ही योजना चुंबकीय फितीसाठी होती, आणि फीत उलगडावयाची म्हणजे पहिल्यापासूनच उलगडावी लागते. झिपच्या रुमालात मात्र शेवटी एक सूची असते, त्यामुळे चाळिसांपैकी सदतिसावा निबंध हवा असेल तर बाकीच्यांना हात न लावता तो काढता येतो. पुस्तकाला सूची असण्याचे महत्त्व मी मुलांना वर्षानुवर्षे सांगत आले. हा दाखला मला आता आयताच मिळाला.

धृपद आणि 'सा. न. वि. वि.'

दुसरे काम दाबण्याचे. कापूस दाबला तर लहान होतो, पण अक्षरे दाबून लहान कशी होणार, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळत होता. उत्तर सापडले ते आपल्याच आरत्यांच्या पुस्तकात. तेथे धृपद एकदाच पूर्ण छापतात; पुढच्या प्रत्येक कडव्याखाली नुसते 'धृ.' लिहिले की म्हणणारा मागे जाऊन ते उचलतो. याकोब झिव्ह आणि अब्राहम लेंपेल या दोन इस्रायली विद्वानांनी १९७७ साली जी रीत प्रसिद्ध केली ती तत्त्वतः हीच. मजकूर वाचता वाचता पूर्वी येऊन गेलेला तुकडा पुन्हा भेटला की तो परत लिहायचा नाही; 'इतकी अक्षरे मागे जा आणि इतकी उचल' एवढीच खूण करायची. झिपमध्ये जी पद्धत मुख्यतः वापरतात ती जास्तीत जास्त ३२,७६८ बाइट मागे पाहते. देवनागरीतले एक चिन्ह हल्ली बहुधा ३ बाइटांचे असते. म्हणजे सुमारे अकरा हजार चिन्हांपर्यंत तिची स्मरणशक्ती पोहोचते. आमच्या वर्गात इतकी स्मरणशक्ती क्वचितच आढळते!

याच्या जोडीला आणखी एक युक्ती आहे, आणि तीही आपल्याला परकी नाही. पत्रात 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' हे शब्द इतक्या वेळा येत की आपल्या वडीलधाऱ्यांनी त्याचे 'सा. न. वि. वि.' केले. 'चिरंजीव'चे 'चि.' झाले. जे वारंवार येते त्याला आखूड खूण, जे क्वचित येते त्याला लांब. ही आखूड-लांब खुणांची सर्वांत काटकसरीची वाटणी कशी करावी, हे डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने शोधून काढले आणि १९५२ साली प्रसिद्ध केले. त्याची कथा परीक्षार्थींनी ऐकण्यासारखी आहे. एम. आय. टी. या संस्थेत त्याचे प्राध्यापक रॉबर्ट फॅनो यांनी वर्गाला सांगितले की, वार्षिक परीक्षा तरी द्या, नाहीतर निबंध लिहा. हफमनने परीक्षा टाळण्यासाठी निबंध पत्करला, आणि खुद्द फॅनोंना जे पूर्णपणे साधले नव्हते ते साधून दाखवले. परीक्षा टाळणारे विद्यार्थी मीही पुष्कळ पाहिले. पण असा एकही नाही.

दोन अक्षरांचा धनी

आता झिपच्या जन्माची कथा. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत हौशी लोक टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांच्या संगणकांशी जोडून घेऊन फायलींची देवघेव करीत. तार मंद आणि वेळ म्हणजे पैसा. तेव्हा गाठोडे जितके लहान तितका खर्च कमी. त्या वेळी 'आर्क' नावाची पद्धत चालत असे. ती एका छोट्या कंपनीची. मिलवॉकी शहरातल्या फिल कॅट्झ या तरुणाने त्याच पद्धतीची गाठोडी पुष्कळच वेगाने बांधणारा प्रोग्रॅम काढला. १९८८ साली त्या कंपनीने त्याच्यावर दावा लावला, आणि शेवटी तडजोड होऊन कॅट्झला तो धंदा सोडावा लागला. मग १९८९ साली त्याने स्वतःची नवी पद्धत काढली, तीच झिप. तिच्या रुमालाची घडी नेमकी कशी असते, याचे वर्णन त्याने सर्वांसाठी खुले करून ठेवले. कोणीही वाचावे, कोणीही आपला प्रोग्रॅम लिहावा.

या औदार्याचे फळ केवढे मोठे! आपण वर्ड या प्रोग्रॅममध्ये हल्ली जो मजकूर लिहितो त्याची फाइल आतून झिपच असते. ई-पुस्तकेही झिप, अँड्रॉइडच्या फोनवर आपण जे अ‍ॅप घेतो त्याचे गाठोडेही झिप. भाचीने एकदा माझ्या पाठाच्या टिपणाची फाइल एका कच्च्या खिडकीत उघडून दाखवली. खाली सगळा गिचमिड काला, पण अगदी आरंभी दोन रोमन अक्षरे स्वच्छ दिसत होती: 'पी' आणि 'के'. फिल कॅट्झच्या नावाची ती आद्याक्षरे! कुंभाराने मडक्याच्या बुडाशी अंगठा उमटवावा तसा त्याचा ठसा जगातल्या असंख्य दस्तऐवजांवर आहे. आणि तो स्वतः? दारूच्या व्यसनाने पोखरलेला कॅट्झ १४ एप्रिल २००० रोजी मिलवॉकीतल्याच एका मोटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडला. त्याचे वय ३७ होते.

गिरणी उभी राहते

कॅट्झने पद्धत खुली केली, पण प्रत्येकाला आपले जाते स्वतःच घडवावे लागत होते. गिरणी उभारली ती फ्रान्सचे झाँ-लू गायी आणि अमेरिकेचे मार्क अ‍ॅडलर यांनी. त्याला निमित्त झाले एका पेटंटचे. त्या वेळी 'गिफ' नावाची चित्रे सर्वत्र चालत. त्यांत चित्र दाबण्याची जी रीत होती तिच्यावर एका मोठ्या कंपनीचे पेटंट निघाले, आणि १९९४ च्या अखेरीस परवान्याच्या पैशांची मागणी सुरू झाली. जाणत्या मंडळींनी ठरवले की आपण चित्रांची नवीच पद्धत काढू आणि तीत झिपचीच मुक्त रीत वापरू. ती चित्रपद्धत 'पी. एन. जी.', आणि तिच्यासाठी या दोघांनी लिहिलेली लायब्ररी 'झेड-लिब'. तिची पहिली जाहीर आवृत्ती १ मे १९९५ रोजी निघाली.

तिच्या वापराच्या अटी पाहिल्या तर वाङ्मयचौर्याने गांजलेल्या माझ्यासारखीला भरून येते. पैसे नकोत. फक्त मूळ लेखन आपले आहे असे भासवू नका. बदल केलात तर तसे उघड सांगा. आणि ही सूचना पुसू नका. बस्स!

अशी लायब्ररी लिहिणे नुसता प्रोग्रॅम लिहिण्याहून अवघड का, हे मी भाचीला विचारले. तिने सांगितलेले मला एखाद्या चांगल्या पाहुण्याच्या वागणुकीसारखे वाटले. लायब्ररी परक्या घरात काम करते, म्हणून तिने आपले डोके चालवून यजमानाच्या पडद्यावर काही लिहू नये. अडचण आली तर आरडाओरडा करून सगळे घर बंद पाडू नये. काय बिघडले ते यजमानाला हळूच कळवावे आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. सगळे धान्य एकदम समोर ओता असा हट्ट धरू नये; मूठ मूठ दिले तर मूठ मूठ दळून द्यावे, म्हणजे छोट्या फोनवरही भले मोठे गाठोडे सोडता येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकदा दिलेला शब्द बदलू नये. ज्या हाकेला आज 'ओ' दिली तिला वीस वर्षांनीही तशीच 'ओ' द्यावी, कारण तिच्या भरवशावर परक्यांची हजारो घरे उभी असतात.

टिम किंट्झल यांची 'लिब-आर्काइव्ह' ही दुसरी लायब्ररी २००४ साली फ्री-बी-एस-डी या व्यवस्थेबरोबर बाहेर पडली. तिला एक नव्हे, अनेक तऱ्हांचे रुमाल सोडता येतात. समोर आलेले गाठोडे कोणत्या तऱ्हेचे, हे ती नावावरून ठरवीत नाही, लिलाव पुकारते! प्रत्येक तऱ्हेचा जाणकार भाग आरंभीची काही अक्षरे पाहतो आणि आपली खात्री आकड्यात सांगतो; ज्याची बोली सर्वांत मोठी त्याच्या हाती गाठोडे. विंडोज बनवणाऱ्या धनाढ्य कंपनीनेही २०२३ साली आपल्या विंडोज ११ मध्ये नव्या तऱ्हांचे रुमाल सोडण्यासाठी हीच लायब्ररी घेतली.

गाठोड्यातले विंचू

रुमाल सोडणे हे वरवर निरुपद्रवी दिसते. तसे ते नाही. '४२-झिप' नावाचे एक गाठोडे प्रसिद्ध आहे. त्याचा आकार ४२ किलोबाइट. पण त्यात झिपच्या आत झिप, तिच्या आत पुन्हा झिप, अशी रचना असल्याने ते पूर्ण सोडले तर सुमारे साडेचार पेटाबाइट, म्हणजे पंचेचाळीस लाख गिगाबाइट मजकूर बाहेर पडतो! शहाणी लायब्ररी म्हणून किती पीठ निघते आहे यावर डोळा ठेवण्याची सोय देते. दुसरा विंचू नावात लपतो. फाइलीच्या नावातच 'एक पायरी वर जा, आणखी एक वर जा' अशा खुणा घातल्या की ती आपल्या खोलीत न उतरता थेट तिजोरीच्या खोलीत जाऊन बसते. ही युक्ती जुनी. तरी २०१८ साली तपासणी झाली तेव्हा नाना भाषांतल्या पुष्कळ लायब्रऱ्यांत हे दार उघडेच सापडले.

आपल्या मराठीचाही या कामात संबंध येतो. झिपच्या मूळ योजनेत फाइलींची नावे आय. बी. एम. संगणकाच्या जुन्या अक्षरकोष्टकातली असावीत, असे गृहीत होते. देवनागरीचा विचार कोण करणार? जगातल्या सर्व लिपींतली नावे चालतील अशी खूण २००६ साली योजनेत आली. परंतु बांधणाऱ्याने ती खूण केली नाही, किंवा सोडणाऱ्याने ती पाहिली नाही, तर आपल्या 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत बहुतेक अक्षरांऐवजी आधी ग्रीक आल्फा, मग डोक्यावर लाट असलेला रोमन 'एन' आणि मग आणखी काहीतरी, अशी तीन-तीन भुतांची रांग उमटते. माझ्या एका विद्यार्थिनीचा 'संतवाङ्मय' हा निबंध मला असाच भुताखेतांच्या नावाने येऊन पोहोचला. आतला निबंध मात्र सुरेख होता.

अर्ध्या सेकंदाचे मोल

आता त्या विषाची कथा. 'एक्स-झेड' ही गाठोडी दाबणारी आणखी एक लायब्ररी. लिनक्स या व्यवस्थेत ती सर्वत्र आढळते, आणि लिनक्सवर जगातले असंख्य मोठे संगणक चालतात. ही गिरणी फिनलंडचे लासे कॉलिन हे गृहस्थ वर्षानुवर्षे, बिनपगारी, हौसेने आणि जवळजवळ एकटेच चालवीत होते. २०२१ साली 'जिआ तान' या नावाने एक मदतनीस आला. तो सभ्य, कामसू आणि चिकाटीचा होता. २०२२ मध्ये आणखी काही अपरिचित नावांनी पत्रे येऊ लागली: काम फार संथ चालले आहे, दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्या. कॉलिन यांनी उत्तरात सांगितले की आपली मनःप्रकृती पुष्कळ दिवस बरी नाही, आणि हे काम हौसेचे, बिनपैशाचे आहे. पुढे मदतनिसाच्या हाती हळूहळू किल्ल्या गेल्या.

फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये त्याने ज्या दोन आवृत्त्या काढल्या त्यांत एक चोरदार होते. ते लपवले कोठे? गाठोडी सोडणारी लायब्ररी तपासण्यासाठी मुद्दाम मोडकी गाठोडी नमुना म्हणून ठेवावी लागतात. त्या मोडक्या गाठोड्यांत! तेथील गिचमिडीकडे कोण पाहतो? दूरच्या संगणकात शिरण्याचे जे कुलपाचे दार असते, ते या चोरवाटेने विशिष्ट किल्ली असणाऱ्याला उघडता आले असते.

हा कट उघडकीस आला तो अर्ध्या सेकंदामुळे. आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते दुसऱ्याच एका कामाची मोजमापे घेत होते. दूरच्या संगणकात शिरण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, असे त्यांच्या ध्यानात आले. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, अर्धा सेकंद! चालायचेच! त्यांनी मात्र त्याचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सावध केले. विषारी आवृत्त्या मुख्यतः अजून चाचणीच्याच अवस्थेत होत्या. अनर्थ टळला. 'जिआ तान' हे नुसते घेतलेले नाव असावे, असाच जाणकारांचा कयास आहे.

या प्रकरणात मला सर्वांत झोंबली ती त्या चोराची हुशारी नव्हे. त्याने भिंत फोडली नाही की कुलूप तोडले नाही. त्याने एवढेच हेरले की सारे जग ज्याचे पीठ खाते तो माणूस थकला आहे, आणि त्याची विचारपूस करणारे कोणी नाही. मदतीचा हात पुढे आला तो एकट्या चोराचाच. कोट्यवधींचा नफा कमावणाऱ्या कंपन्यांचे डबे त्या गिरणीपुढे रांगेत होते. त्यांपैकी कोणी 'बाबा, तुला बरे आहे ना?' असे विचारले असते तर?

मी भाचीला म्हटले, "मग आता तुम्ही लोक परक्यांच्या लायब्रऱ्या वापरणे सोडणार का?"

"छे! घरोघरी जाते आणले तर घरोघरी चुका होतील. एका गिरणीत खडा सापडला तर तो काढता तरी येतो, आणि सगळ्यांचे पीठ एकदम स्वच्छ होते. गिरणी हवीच, आत्या. पण तिथे एकच माणूस नको."

मला हे पटले. आपल्यासारख्या संसारी माणसांना यात करण्यासारखे फार नाही, पण काही आहे. अनोळखी माणसाने पाठवलेला रुमाल सोडू नये. फोन वा संगणक 'नवी आवृत्ती आली आहे' म्हणतो तेव्हा ती घ्यावी, कारण पुष्कळदा त्यात असाच कुठलासा खडा काढलेला असतो. आणि घरातला मुलगा किंवा मुलगी रात्री उशिरापर्यंत संगणकापुढे बसून 'हे पगाराचे काम नाही, सगळ्यांसाठी आहे' असे म्हणाली, तर 'लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजतेस?' असे एकदम म्हणू नये. या विशिष्ट लष्करात आपणही जेवायला असतो.

लासे कॉलिन यांनी पुढे काय केले? ते पळून गेले नाहीत. स्वतःची लायब्ररी त्यांनी पुन्हा तपासली आणि २९ मे २०२४ रोजी तिची स्वच्छ आवृत्ती जगाला दिली. आपल्याकडे दिवाळीला पोस्टमनला, गिरणीवाल्याला, दारोदार राबणाऱ्या सगळ्यांना पोस्त देण्याची रीत आहे. भाचीच्या कचेरीतल्या मंडळींनी यंदा ठरवले आहे की, आपण ज्या लायब्रऱ्या फुकट वापरतो त्यांची एक यादी करायची, त्यांतल्या चुका शोधण्यासाठी दर महिन्याचा एक दिवस द्यायचा, आणि प्रत्येकीच्या कर्त्याला आभाराचे चार शब्द लिहायचे. तिने त्या पत्राचा मसुदा मला तपासायला दिला होता. मी त्यात एकच दुरुस्ती सुचवली. पहिले वाक्य कामाविषयी होते. ते खाली नेऊन त्याच्या जागी 'आपली प्रकृती कशी आहे?' हे घालावे, असे मी तिला सांगितले.